मारुतीला सुट्टी कशाला हवी?

2019 च्या एप्रिलमध्ये हिंगोलीत दोन दिवस जोडून आले. 18 तारखेला, गुरुवारी, लोकसभेचे मतदान झाले. मतदान यंत्रे जमा करून रात्री उशिरा घरी पोहोचलेले शिक्षक आणि तलाठी दुसऱ्या दिवशी झोप काढत होते, तेव्हा गावोगावच्या मारुतीपुढे सूर्योदयाला पाळणा हलत होता. दुपारी महाप्रसादाच्या पंगती बसल्या. 19 एप्रिलला हनुमान जयंती होती आणि सरकारी कार्यालयांना कुलूपही होते. पण ते कुलूप मारुतीसाठी नव्हते. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत हनुमान जयंती नाही, गुड फ्रायडे आहे. आणि त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आले. पंगतीला बसलेल्या नोकरदाराला रजेचा अर्ज लिहावा लागला नाही, तो येशूच्या कृपेने.

हे ऐकून कुणी हसते, कुणाच्या कपाळाला आठी पडते. आठीमागचा प्रश्न उघड आहे. मारुतीशिवाय गाव नाही अशा मुलखात मारुतीला सुट्टी नाही, आणि ज्या धर्माची कुटुंबे शोधत फिरावे लागते त्या धर्माला वर्षातून दोन सुट्ट्या, गुड फ्रायडे आणि नाताळ. हा कुठला न्याय? प्रश्न रास्त वाटतो, पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे: सुट्टी हा सणाचा मान आहे, आणि मान डोकी मोजून द्यायचा असतो. ते गृहीतकच तपासायला हवे, आणि त्यासाठी हिंगोलीहून थेट आफ्रिकेत जावे लागते.

जाण्याआधी एक गंमत. हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे एका दिवशी येणे हा निव्वळ योगायोग नाही. इ.स. 325 मध्ये नायसिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेनंतर रूढ झालेल्या नियमानुसार, 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या आधीचा शुक्रवार गुड फ्रायडे. म्हणजे हा सण चंद्रावर चालतो आणि फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेपासून फार लांब जाऊच शकत नाही. 2018 मध्ये 30 मार्चला गुड फ्रायडे, 31 ला हनुमान जयंती. 2023 मध्ये 6 एप्रिलला हनुमान जयंती, 7 ला गुड फ्रायडे. 2024 मध्ये धुळवड 25 मार्चची आणि गुड फ्रायडे त्याच आठवड्यात 29 ला. ज्याला आपण इंग्रजी सण समजतो तो खरे तर पंचांगाच्या जातीचा आहे.

आता घाना. 2021 च्या जनगणनेनुसार तिथे शंभरातले एकाहत्तर लोक ख्रिस्ती. गुड फ्रायडे आणि ईस्टरचा सोमवार, दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. या सुट्टीत देशाच्या पूर्वेकडच्या क्वाहू पठारावर जे घडते ते पाहायला सगळा देश लोटतो. क्वाहू लोक जातिवंत व्यापारी. राजधानी आक्रात दुकान थाटायचे आणि घर बांधायचे ते मात्र डोंगरावरच्या आपल्या गावी. ते घर वर्षभर बंद असते. ईस्टरला उघडते. शुक्रवारी चर्च, शनिवारी रस्त्यावर गाणे-बजावणे, रविवारी पुन्हा चर्च. मधल्या वेळात भाऊबंदांच्या बैठका बसतात, जुने तंटे मिटतात, सोयरिकी जुळतात, गावच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी वर्गणीचे आकडे पुकारले जातात. 2005 पासून पर्यटन खात्याने त्यात पॅराग्लायडिंगची भर घातली. ओद्वेआनोमा नावाच्या डोंगरावरून माणसे छत्री लावून खाली झेपावतात आणि बघ्यांची तोबा गर्दी होते.

मराठी वाचकाला हे सांगायला विशेष कष्ट पडत नाहीत. ही जत्रा आहे. पुण्याला कंपनीत लागलेला पोरगा चैत्रात गावी येतो, नव्या मोटारसायकलवरून एक फेरी मारतो, वर्गणीच्या पावतीवर शेजाऱ्यापेक्षा शंभर रुपये जास्त लिहितो. क्वाहूचा दुकानदार ईस्टरला तेच करतो, फक्त गाडी मोठी असते. तिथल्या पाद्र्यांची तक्रारही ओळखीची आहे: देव बाजूला राहिला आणि धांगडधिंगा वाढला. पठारावरच्या अबेतिफी गावात बासेल मिशनचे ठाणे उभे करणारा रामसायर हा मिशनरी 1869 ते 1874 अशी पाच वर्षे कुमासीत असांते राज्याच्या कैदेत होता. (हे तेच मिशन, ज्याच्या मंगळूरच्या कारखान्यातली कौले पुढे अर्ध्या कोकणाच्या घरांवर चढली.) आपण आणलेल्या सणाची एक दिवस अशी जत्रा होईल हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

घानाने एक गोष्ट दाखवली. जिथे बहुसंख्यांचा सण आहे तिथे सरकारी सुट्टीचा कागद जवळजवळ निरुपयोगी असतो. उद्या घानाच्या संसदेने ईस्टरची सुट्टी रद्द केली तरी आक्रातली दुकाने बंदच राहतील, कारण दुकानदार डोंगरावर गेलेला असेल. हिंगोलीच्या मारुतीचेही तेच आहे. कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या खेड्यात हनुमान जयंतीला कुणाला काम सांगून पाहावे. मजूर येणार नाही, ट्रॅक्टरवाला फोन उचलणार नाही, आणि याबद्दल कुणी कुणाला जाब विचारणार नाही. ज्याच्यासाठी गाव आपणहून थांबते त्याला राजपत्रातली ओळ कशाला हवी? ती ओळ लागते ज्याच्यासाठी गाव थांबत नाही त्याला.

बहुसंख्यांचे झाले. थोड्यांच्या हाती अशी सुट्टी पडली की काय होते, हे दक्षिण आफ्रिकेत दिसते.

पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव मराठी माणसाला एका रेल्वे फलाटामुळे माहीत आहे. 1893 मध्ये मोहनदास गांधींना तिथे गाडीतून उतरवले गेले. त्याच शहरात एक मंदिर आहे, शिव सुब्रमण्य आणि मारिअम्मा यांचे. दर वर्षी तिथे निखाऱ्यांवरून चालण्याचा उत्सव होतो आणि तो होतो गुड फ्रायडेला. दरबानजवळच्या माउंट एजकोम्ब इथल्या मारिअम्मा मंदिरातही ईस्टरच्या दिवसांत हजारोंची रीघ लागते. तमिळ ग्रामदेवीचा उत्सव ख्रिस्ताच्या क्रूसाच्या दिवशी का? उत्तर उसाच्या मळ्यात आहे. 1860 च्या नोव्हेंबरात 'ट्रुरो' हे जहाज पहिले गिरमिटिया मजूर घेऊन दरबानला लागले, आणि 1911 पर्यंत दीड लाखावर माणसे अशी गेली. तमिळ-तेलुगू मुलखातून, बिहार-पूर्वांचलातून. मळ्याच्या गोऱ्या मालकाला ना मारिअम्मा ठाऊक, ना चैत्र. तो आपल्या धर्माच्या दिवशी काम बंद ठेवी, एवढेच. मजुरांच्या हाती ईस्टरचे ते मोकळे दिवस आले आणि त्यांनी त्यात आपली देवी बसवली.

सुट्टी म्हणजे मोकळे पडलेले वावर. त्यात कोण काय पेरील हे सरकारला ठरवता येत नाही. दरबानभोवतीच्या नाताळ नावाच्या वसाहतीच्या सरकारने ख्रिस्ती सुट्टी दिली, उगवला मारिअम्माचा उत्सव. पुढे वर्णभेद संपल्यावर 1994 मध्ये सुट्ट्यांचा नवा कायदा झाला. स्वर्गारोहणाच्या दिवसाची सुट्टी गेली, 26 डिसेंबर 'सद्भावना दिन' या निधर्मी नावाने आणि ईस्टरचा सोमवार 'कुटुंब दिन' म्हणून राहिला. गुड फ्रायडे मात्र नावानिशी टिकला. दिवाळीला सुट्टी मिळावी ही तिथल्या हिंदूंची मागणी जुनी आहे, ती आजवर मान्य झालेली नाही. म्हणजे पीटरमॅरिट्झबर्गच्या हिंदूला स्वतःच्या सणाला रजा मागावी लागते आणि निखाऱ्यांवरून चालायला येशूचा दिवस फुकट मिळतो. 2019 च्या 19 एप्रिलला हिंगोलीतल्या नोकरदाराचे जे झाले, ते तिथे दीड शतक चालू आहे.

त्याच देशात, त्याच सुट्टीत, लिम्पोपो प्रांतातल्या मोरिया या गावी झायन ख्रिश्चन चर्चचे लाखो अनुयायी जमतात. एंगेनास लेकान्यान या काळ्या धर्मोपदेशकाने स्थापन केलेले हे चर्च. त्यात गोऱ्या मिशनचा वरचष्मा नाही. छातीवर पंथाचा बिल्ला, दारू-तंबाखू वर्ज्य. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ आणि त्याने सोडलेली व्यसने आठवावीत असाच हा मामला. 28 मार्च 2024 रोजी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, बोट्स्वानाहून मोरियाला निघालेली यात्रेकरूंची बस पुलावरून दरीत कोसळली. 45 माणसे गेली, आठ वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. त्या आठवड्यात महाराष्ट्रातली बहुतेक कार्यालये गुड फ्रायडेकडे कोणत्या नजरेने पाहत होती? तर शुक्रवार, शनिवार, रविवार, सलग तीन दिवस.

हे टोमणे मारण्यासाठी लिहिलेले नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाला पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि गुड फ्रायडे हा हमखास जोडसुट्टीचा दिवस बनला, कारण तो शुक्रवार सोडून दुसऱ्या वारी येतच नाही. नांदेड-परभणीहून हिंगोलीला अपडाऊन करणाऱ्यांची पावले गुरुवारी दुपारनंतरच स्टँडकडे वळतात. मार्चअखेरीची घाई त्याला लागूनच असते. हळदीवाल्या शेतकऱ्याला मात्र या कशाचा पत्ता नसतो. हे दिवस हळद शिजवण्या-वाळवण्याचे आणि पॉलिश करून पोती हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात किंवा वसमतला न्यायचे. त्याच्या लेखी गुड फ्रायडे म्हणजे बँक बंद, पट्टीचे पैसे सोमवारी.

आणि उसाच्या फडात तर सुट्टी हा शब्दच नाही. हिंगोलीतल्या तांड्यांवरून, गावांतून मुकादमाची उचल घेऊन जोडपी कोयता उचलतात. दिवाळीनंतर गेलेली टोळी मार्च-एप्रिलात परतते. कामावर एक दिवस न येणे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग कारण ताप असो, बाळंतपण असो की देव. नाताळ वसाहतीच्या मळ्यातल्या गिरमिटियाला वर्षातून ईस्टर तरी मिळत होता. सार्वजनिक सुट्टी सार्वजनिक असते ती पगारी माणसांपुरतीच, हे घाना किंवा दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपल्याकडे जास्त खरे आहे, आणि सुट्ट्या कुणाला जास्त कुणाला कमी यावर भांडणाऱ्यांच्या गावी ही गोष्ट नसते.

हे इथे काढण्याला कारण आहे. मराठवाड्यातला ख्रिस्ती माणूस बहुधा याच कष्टकरी थरातून आलेला आहे. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती तेव्हाचा नाताळ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमधला. 1903 मध्ये ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि ते पर्व आटोपले. मातीत रुजलेला धागा वेगळा, तो जालन्याचा. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश फ्री चर्चच्या वतीने जालन्याला आले. त्यांच्या शब्दाला सर्वाधिक प्रतिसाद दिला तो मांग आणि महार वस्त्यांनी. जालन्याजवळ त्यांनी या लोकांसाठी बेथेल नावाचे गावच वसवले. पुढच्या पिढीत नगरकडे ना. वा. टिळकांनी, जे 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, मराठी उपासनेत भजन, कीर्तन आणि अभंग आणले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो असे ते सांगत. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला टाळ-मृदंगावरचे ख्रिस्ती भजन परके वाटायचे कारण नाही. मराठी ख्रिस्ती मंडळींत गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना चालते, क्रूसावरच्या सात उद्गारांवर एकेक प्रवचन होते. अनेक जण दिवसभर उपाशी असतात. भाद्रपदाच्या सुमारास श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते, तिला पायी जाणारे आहेत. क्वाहूने ईस्टरची जत्रा केली, आपल्याकडच्यांनी ख्रिस्ताची वारी केली.

गुड फ्रायडे हा गोऱ्यांचा दिवस आहे या समजाला इथिओपिया हे आणखी एक उत्तर आहे. तिथे चौथ्या शतकात, राजा एझानाच्या काळात, ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला. इंग्लंडच्या पुष्कळ आधी. तिथले वर्ष तेरा महिन्यांचे आणि नाताळ 7 जानेवारीला. ईस्टरआधी 55 दिवस मांस, दूध, अंडी बंद, आणि गुड फ्रायडेला माणसे चर्चच्या आवारात दिवसभर उठून-वाकून दंडवत घालत राहतात. केक आणि सांताक्लॉज यांच्यापलीकडे ज्यांनी ख्रिस्ती सण पाहिलेला नाही, त्यांनी हे एकदा पाहावे.

उलट बाजूचा एक युक्तिवाद मात्र प्रामाणिक आहे, त्याला टाळता येणार नाही. सुट्ट्या फार झाल्या आहेत. 2022 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हेच म्हटले. प्रकरण दादरा-नगर हवेलीचे. 2 ऑगस्ट हा तिथला मुक्तिदिन, ज्यात सुधीर फडकेही होते त्या 1954 च्या लढ्याचा. त्या दिवसाची सुट्टी बंद झाली म्हणून याचिका झाली, आणि सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, सुट्ट्या वाढवण्यापेक्षा कमी करण्याची वेळ आली आहे, असे खंडपीठाने सुनावले. कायदा म्हणून हे निर्विवाद. पण त्याच न्यायालयाने 2019 च्या एप्रिलमध्ये, त्याच प्रदेशाच्या प्रशासनाने गुड फ्रायडेची सुट्टी सक्तीच्या यादीतून काढून ऐच्छिक केली तेव्हा, ती पूर्ववत ठेवायला लावली होती. दोन निकालांत विसंगती दिसते, पण सूत्र शोधले तर सापडते. मुक्तिदिन सगळ्या प्रदेशाचा आहे, तो कार्यालय उघडे ठेवूनही साजरा होतो. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये असणारा माणूस त्याच वेळी टेबलावर असू शकत नाही.

मग ऐच्छिक रजा घ्यावी की, असे कुणी म्हणेल. ऐकायला बरे वाटते. 2015 मध्ये मुख्य न्यायमूर्तींची परिषद नेमकी गुड फ्रायडेपासून ईस्टरपर्यंत ठेवली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी पत्र लिहून हरकत घेतली. परिषद त्याच दिवसांत झाली. त्याआधीच्या डिसेंबरात 25 तारीख 'सुशासन दिन' म्हणून घोषित झाली आणि नाताळच्या दिवशी शाळा-कार्यालयांत कार्यक्रम घ्यायचे की नाही यावर वाद पेटला. आणि 2019 च्या 18 एप्रिलला, पवित्र गुरुवारी, मतदान ठेवल्याबद्दल तमिळनाडूतल्या चर्चनी न्यायालय गाठले; मदुरैत चित्तिरै उत्सव होता म्हणून मतदानाची वेळ रात्री आठपर्यंत वाढवली गेली, चर्चची मागणी मान्य झाली नाही. हिंगोलीत तर त्या दिवशी प्रभुभोजनाची उपासना असते हेच कुणाच्या ध्यानात नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना जिथे कारण सांगावे लागते, तिथे औंढ्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत एकटाच ख्रिस्ती असलेला शिक्षक वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मुख्याध्यापकांपुढे ऐच्छिक रजेचा अर्ज घेऊन कितीदा उभा राहील? पहिल्या वर्षी मिळेल. दुसऱ्या वर्षी 'यंदा जमवून घ्या' असे ऐकू येईल. तिसऱ्या वर्षी तो अर्जच लिहिणार नाही.

सुट्ट्या कमी करायच्याच असतील तर कात्री दुसरीकडे लावता येते. ज्या दिवसांचा कार्यक्रम हार घालून दहा मिनिटांत उरकतो, ते दिवस कामाचे ठेवले तर थोर पुरुषांचा काडीचाही अवमान होत नाही. पारशी नववर्षाची सुट्टी मात्र राहावी. हिंगोलीत पारशी माणूस दिवा घेऊन शोधावा लागेल, तरीही, किंबहुना म्हणूनच.

डोकी मोजण्याच्या हट्टातली शेवटची अडचण अशी की इथे डोकी नीट मोजताच येत नाहीत. 2011 च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 77 हजार होती. हिंदू, बौद्ध, मुस्लिम यांच्यापुढे ख्रिस्तींचा आकडा नगण्य. राज्यातही ते शंभरात एक भरत नाहीत. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. मातंग कुटुंब रविवारी उपासनेला जाते, पण पोराच्या शिष्यवृत्तीसाठी, जातीच्या दाखल्यासाठी कागदावर हिंदूच राहते. याला कुणी लबाडी म्हणेल. पण धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर आत येत नाही, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना तसे म्हणण्याचा धीर होणार नाही. या प्रश्नाचा अभ्यास करायला ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे आणि या खेपेस प्रत्येकाला जातही विचारली जाणार आहे. तेव्हा प्रगणक वस्तीवर येऊन धर्म आणि जात दोन्ही विचारील, अशी कुटुंबे दोन्ही उत्तरे एकमेकांशी ताडून पाहून देतील, आणि त्यातून जो आकडा निघेल तो पुढची दहा वर्षे ख्रिस्ती सुट्ट्या नकोत म्हणणाऱ्यांच्या तोंडी असेल.